डाव्या पायाचा अर्धा इंच

माझ्या दुकानाचं शटर भरदुपारी खाली आलं की समोरचा चहावाला ओळखतो, आज कुणाची तरी पाठ धरलीय. मी राजशेखर, धंद्यानं टेलर. शिरूर अनंतपाळच्या बसस्टँडमागं पस्तीस वर्षं मशीन चालवतो. पण निम्मी माणसं माझ्याकडे कापड न घेताच येतात, कारण मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे समजूत अशी की पायाळू माणसानं धरलेल्या पाठीला तीनदा पाय लावला की उसण निघते. खरंच निघते का, ते मला विचारू नका. दहातले सात जण तसेही चार दिवसांत बरे होणारच असतात आणि श्रेय माझ्या पायाला मिळतं. लाथ मारून आशीर्वाद कमावणारा या तालुक्यात मी एकटाच असेन.

शटरच्या आत जे झालं ते बाहेर बोलायचं नाही, असा माझा नियम आहे. तो आज मी मोडतोय. ज्याला राग यायचा त्याला येऊ द्या. मला स्वतःचाच राग आला आहे, दुसऱ्याच्या रागाला जागा कुठं उरली?

दहा वर्षांपूर्वी, लगीनसराई संपून दुकान रिकामं पडलं होतं तेव्हा हवालदार आनंदराज सोनकांबळे माझ्या दारात येऊन उभा राहिला. माणूस आला की मी त्याचं तोंड नंतर बघतो, आधी खांदे बघतो. याचे खांदे पाणसळ लावावी असे समान, शर्टाला धारदार इस्त्री, बुटांत तोंड दिसावं अशी चमक. फक्त पँटचा पट्टा एका अंगाला बोटभर वर चढला होता. कंबर सरकल्याशिवाय पट्टा असा चढत नाही.

"अप्पा, पायाळू तुम्हीच का?"

"हाव. पाठ कुणाची?"

त्यानं रस्त्याकडे बघितलं. नुसती मान वळवून नाही, पाय उचलून अख्खा माणूस वळला. मग हळूच म्हणाला, "माझीच. शटर ओढा."

त्याला मी नावानं ओळखत होतो. शिरूरपासून चार किलोमीटरवर त्याचं गाव. बौद्ध वस्तीतला, चोवीस वर्षं फौजेत काढून आलेला, जयंतीला निळा झेंडा लावायचा मान असलेला माणूस. आणि मी पडलो लिंगायत. माझा पाय त्याच्या पाठीवर ठेवायचा म्हणजे अवघडच. मी तसं बोलूनही गेलो.

"पाय औषधाचा हाय अप्पा," तो म्हणाला. "पर कुणी बघितलं तर तो औषधाचा राहत न्हाई. म्हणून म्हनलं, शटर ओढा."

मी शटर ओढलं. खाली झोपायला त्याला किती वेळ लागला म्हणता? आधी कटिंगच्या टेबलाला दोन्ही हात, मग एक गुडघा, मग दुसरा, मग कोपरं, आणि मग कुशीवरून पालथा. एवढा उमदा गडी, पण दात आवळून उतरला. मी डाव्या पायाचा अंगठा त्याच्या कमरेवर टेकवला. तीनदा. उसण भरलेली पाठ लाकडासारखी लागते. ही तशी नव्हती. ही आतून थरथरत होती, आणि ती चार दिवसांची नव्हती.

नंतर तो दर पंधरा दिवसांनी येऊ लागला. पालथं पडल्यावर माणसाला समोरच्याचं तोंड दिसत नाही, म्हणून असेल, तो बोलू लागला. त्याच्या गावच्या शाळेत शेषेराव गुरुजी होते. एकोणीस वर्षांच्या आनंदराजचा भरतीचा फॉर्म त्यांनी भरला आणि स्वतः एसटीत बसवून त्याला नांदेडला भरतीला नेलं. तो मैदानावर धावत होता आणि गुरुजी कडेला त्याच्या चपला हातात घेऊन उभे होते. मराठा घरातला मास्तर, वस्तीतल्या पोराच्या चपला धरून! 

फौजेत तो मॉर्टरवर होता. तोफ जमिनीवर टेकवायची ती लोखंडी तबकडी पाठीवर बांधून चढायचं, वरून रेशन, वरून बर्फ. एका उतारावर पाय घसरला आणि तबकडीसकट तो दगडावर बसला. डॉक्टरनं हलक्या कामाची चिठ्ठी दिली. यानं ती फाडली, कारण त्याच्या वाट्याचं ओझं मग जोडीदाराच्या पाठीवर गेलं असतं. पुढं सात वर्षं दुखण्याच्या गोळ्या खाऊन काढली. निवृत्तीच्या वेळी शेवटची तपासणी झाली. डॉक्टरनं विचारलं, काही तक्रार? हा सावधान उभा राहून म्हणाला, काही नाही, सर.

"का पण?" मी ओरडलोच.

"तक्रार लिवली असती तर बँकेतली गार्डची नोकरी मिळाली नसती. आन्‌ खरं सांगू का अप्पा, तोंडातून ते येतच न्हाई. सायबानं काय झालं म्हनलं की काही न्हाई सर, असंच येतं."

"म्हणजे कागदावर तुम्ही ठणठणीत."

"ठणठणीत. सही माझीच हाय."

ती गार्डची नोकरी चार वर्षं टिकली. आठ-आठ तास बंदूक घेऊन उभं राहायचं. एक दिवस स्टुलावर बसला तो उठेना. मॅनेजरला वाटलं, प्यालाय. दुसऱ्या दिवशी यानं राजीनामा दिला आणि गावी आला. आपण पीत नाही हेही त्यानं सांगितलं नाही. अशा माणसाला काय म्हणावं? मी त्याला तोंडावर गाढव म्हणालो आहे, एकदा नाही, चारदा.

पुढं मी त्याला पट्टा शिवून दिला. ताडपत्रीचं दुहेरी कापड, आत स्टीलच्या सहा फूटपट्ट्या उभ्या घातलेल्या, पुढं तीन बकलं. दुकानात तयार पट्टे मिळतात, पण ते शर्टातून फुगतात. माझा फुगत नव्हता. तो बांधला की आनंदराज दोरी लावल्यासारखा सरळ उभा राहायचा आणि काही केल्या वाकू शकायचा नाही. घरी त्याची बायको विशाखा एवढीच जाणकार. सकाळी तीच त्याला कुशीवर वळवून उठवायची, मोजे तीच चढवायची, बुटाच्या नाड्या तीच बांधायची. शिंक येणार वाटलं की तो आधी भिंत गाठायचा. मोटारसायकलचे धक्के सोसत नसत म्हणून चार किलोमीटर चालत यायचा. लोक म्हणायचे, फौजी गडी, चालल्याशिवाय करमत नाही.

आठ वर्षांपूर्वी शाळेला पन्नास वर्षं झाली. शेषेराव गुरुजींचा सत्कार होता. मी तिथं होतो, कारण गुरुजींचा कोट मी शिवला होता. जुने विद्यार्थी रांगेनं स्टेजवर जात होते, हार घालत होते, पाय धरत होते. फौजदार झालेला वाकला, लातूरला डॉक्टर असलेली बाई वाकली. मग आनंदराज आला. त्यानं हार घातला, दोन पावलं मागं सरकला आणि सावधान उभा राहिला. माइकवाला म्हणाला, आशीर्वाद घ्या. हा उभाच. सगळा मांडव बघत होता. मग त्यानं कडक सॅल्यूट ठोकला आणि पायऱ्यांच्या कठड्याला धरून उतरला.

संध्याकाळपर्यंत गावात दोन गोष्टी झाल्या होत्या. मराठा आळीत म्हणत होते, फौजेत गेला आणि माज चढला. वस्तीत म्हणत होते, आपला हवालदार कुणापुढं वाकत नाही.

आणि त्याची आई. कोंडाबाईनं चाळीस वर्षं याच गावाच्या रानात खुरपं चालवलं. ती कमरेत अशी वाकली आहे की चालताना तिला जमीन दिसते, समोरचा माणूस दिसत नाही. त्या दिवसापासून ती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "माझी कंबर ह्यांच्या रानात मोडली. माझ्या लेकाची न्हाई वाकली. मला घावली न्हाई ती चीज त्यानं कमावली." वस्तीतल्या बाया आपल्या पोरांना पाठीत धपाटा घालून सांगायच्या, हवालदारासारखं ताठ बस.

चार दिवसांनी तो माझ्याकडे आला. मी शटर ओढलं.

"अप्पा, मी वाकणार व्हतो," तो जमिनीशी तोंड ठेवून म्हणाला. "तिथं समद्यांच्या आधी मला वाकायचं व्हतं. पट्टा नसता तर उठलोच नसतो, अन्‌ पट्टा असला की वाकता येत न्हाई. ज्या मास्तरानं माझ्या चपला धरल्या त्याचे पाय मी धरले न्हाईत."

"मग जाऊन सांगा की त्यांना."

"जातो," तो म्हणाला.

आणि इथं मी माती खाल्ली. गुरुजींचा मुलगा दयानंद त्याच आठवड्यात पँट न्यायला आला होता. तो बोलून गेला होता की नानांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, फार लागलं, दोन घास कमी जेवले. मी शिंपी, जीभ सुईपेक्षा जास्त चालते. मी ते जसंच्या तसं आनंदराजला सांगितलं.  त्यानंतर तो गुरुजींच्या घराकडे फिरकला नाही. आठ वर्षं! एकाच गावात, हाकेच्या अंतरावर. गुरुजी दिसले की हा दुसऱ्या बोळानं जायचा. तेही गाव बघत होतं आणि माजाची गोष्ट आणखी पक्की होत होती.

गेल्या दिवाळीत विशाखानं त्याला बळंच लातूरला नेलं. डॉक्टरनं फोटो काढला. मणक्यातली गादी पार सरकलीय, शीर दाबलीय, ऑपरेशन करा, नाहीतर डाव्या पायातला जीव जाईल, असं स्वच्छ सांगितलं. पुढं तीन महिने अंथरुणात.

"करा की मग," मी म्हणालो.

"मायच्या डोळ्यांदेखत तीन महिने पालथा पडू? वस्ती भेटायला येणार. कधीपासून दुखतंय विचारणार. काय सांगू? त्या दिवशी मी ताठ न्हवतो, आखडलो व्हतो, असं सांगू?"

मला राग आला. कीवही आली, पण राग जास्त. मी म्हणालो की लोकांच्या गोष्टीसाठी पाय घालवणारा तू पहिलाच शहाणा. तो हसला नाही.

माघ महिन्यात गुरुजींना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. बातमी कळल्यावर आनंदराज मला न विचारता दुकानात आला आणि त्यानंच शटर ओढलं. "अप्पा, ठरवलंय. गुरुजीला समदं सांगतो अन्‌ पाय धरतो. एकदा त्यांना सांगितलं की मायला सांगायला बळ येईल. मग विशाखा म्हणती त्या दिवशी लातूर." त्यानं पट्टा सोडून ठेवला आणि माझ्या दुकानात वाकायचा सराव सुरू केला. कटिंगच्या टेबलाच्या पायाला तो गुरुजींचे पाय समजत होता. पहिल्या दिवशी गुडघ्यापर्यंत हात गेले. चौथ्या दिवशी नडगीपर्यंत. घामानं शर्ट भिजायचा. सहाव्या दिवशी बोटं खाली टेकली आणि तो तसाच वर आला, पांढराफटक. "जमतंय," म्हणाला. त्याच्या तोंडावर तेवढा आनंद मी कधी बघितला नव्हता.

गुरुजींना झोपल्या जागी घालता येईल अशी, बाजूनं बंद बांधायची बंडी शिवायची होती. ते निमित्त करून मी गेलो. आनंदराज शाळेच्या मागं भेटला. तिथं भिंतीच्या आडोशाला त्यानं पट्टा काढला आणि माझ्या पिशवीत टाकला. घरी दयानंद नव्हता, त्याची बायको आरती होती. तिनं हवालदाराला बघून डोळे मोठे केले, पण आत घेतलं.

गुरुजी खाटेवर होते. मी माप घेतलं. मापात माणूस निम्मा राहिला होता. आनंदराज खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"गुरुजी, मी आनंदा."

गुरुजींनी मान वळवली. बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते आजारातही येतं, म्हणून मी काही धरून चाललो नाही.

"गुरुजी, माझं चुकलं. त्या सत्काराच्या दिवशी मी…" असं म्हणून त्यानं गुडघ्यांवर हात ठेवले आणि वाकायला सुरुवात केली.

"उभा राहा," गुरुजी म्हणाले. शब्द तोंडातून ओढत काढावे लागत होते. "वाकू नगं."

तो अर्ध्यात थांबला. अर्ध्यात थांबणं हे त्या पाठीला सगळ्यात वाईट. मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, तिसऱ्या कुणाला नव्हतं.

"मी जन्मभर वाकलो आनंदा. साहेब आला की वाकलो, सभापती आला की वाकलो. बदलीसाठी वाकलो. पोराच्या नोकरीसाठी तर... जाऊ दे." ते दम घ्यायला थांबले. "त्या दिवशी समदे वाकले. तू न्हाई. घरी आलो, जेवण गेलं न्हाई. दयानंदची माय व्हती तवा, तिला म्हनलं, माझ्या हातून एक तर माणूस सरळ निघाला. तू आला न्हाईस पुन्हा. मी वाट बघायचो. पर म्हनलं, बरोबर हाय. सरळ माणूस कशाला येईल मास्तरकडं?"

म्हणजे जेवण गेलं नव्हतं ते खरं होतं. कारण वेगळं होतं. दयानंदला ते कळलं नाही आणि मी ते अर्धवट उचलून या माणसाच्या छातीत ठेवलं. आठ वर्षं म्हातारा दाराकडे बघत होता आणि हा बोळानं जात होता.

मी आनंदराजकडे बघितलं. बोल, मी मनात म्हणत होतो, आता तरी बोल. माझीही जीभ होतीच. पण नको तिथं वळवळणारी जीभ त्या दिवशी टाळूला चिकटली. मरणाच्या दारात टेकलेल्या माणसाला कुणी सांगायचं, की तुमचा सरळ माणूस सरळ नव्हता, त्याची कंबर गेली होती?

"नीट उभा राहा. बघू दे मला," गुरुजी म्हणाले.

आणि आनंदराज उभा राहिला. पट्ट्याशिवाय. टाचा जुळवून, मुठी शिवणीला लावून, सावधान. आरतीनं चहा आणला, तो खाली ठेवला, गार झाला. त्याच्या कानामागून घामाची धार कॉलरमध्ये उतरत होती. जबडा गच्च. गुरुजी टक लावून बघत होते, थकल्या तोंडावर समाधान होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. वीस मिनिटांनी गुरुजींचे डोळे मिटले आणि श्वास संथ झाला, झोपेचा. तेव्हा कुठं तो वळला.

शाळेच्या भिंतीपर्यंत तो चालला. तिथं भिंतीला दोन्ही हात लावून उभा राहिला, आणि मी मागून पट्टा बांधताना तो हुंदके देऊन रडला. मी माफी मागितली. जेवणाची गोष्ट मीच सांगितली होती, मी म्हणालो. तो म्हणाला, "आवळा अप्पा. आणखी एक बकल आवळा."

गुरुजी नऊ दिवसांनी गेले. सगळं गाव पायावर डोकं ठेवत होतं. हवालदारानं सॅल्यूट केला. आता मराठा आळीतही कुणी काही बोललं नाही. आरतीनं सासऱ्याचं बोलणं सगळ्यांना सांगितलं होतं. उलट दयानंदच पुढं होऊन त्याला म्हणाला, "नानांनी तुम्हाला ओळखलं होतं, आम्ही ओळखलं नाही." आता गोष्ट अख्ख्या गावाची झाली होती. तिच्यातून बाहेर पडायला त्याला एक फटही राहिली नाही. ऑपरेशनचं नाव मी काढलं तर तो विषय बदलायचा.

मागच्या महिन्यात त्यानं एक पँट आणली. डाव्या पायाची तळची दुमड पुढून झिजून दोरे लोंबत होते. उजवा पाय नव्यासारखा. डाव्या बुटाचं नाकही घासून पांढरं पडलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"अंगठा उचलत न्हाई," तो म्हणाला. "गुडघा वर घेऊन टाकला की जमतंय. डावी बाजू अर्धा इंच वर घ्या. घासायला नको, दिसायला नको."

मी म्हणालो, मी शिवणार नाही. आधी लातूर. तो नुसता उभा राहिला, ताठ. शेवटी मी मशीनवर बसलो. अर्धा इंच वर घेतला आणि आतून दुहेरी शिवण मारली. हे मी केलं, दुसऱ्या कुणी नाही.

परवा ती पँट द्यायला मी त्याच्या घरी गेलो. कोंडाबाई ओट्यावर बसली होती, नजर जमिनीला. आनंदराज बोळातून येत होता. डावा गुडघा उंच, मग पाऊल धप्पकन खाली. उंच, आणि धप्प. शेजारची दोन पोरं त्याच्या मागं तशीच पावलं आपटत, हात हलवत येत होती. म्हातारीला तो दिसत नव्हता. तिनं मान एका अंगाला करून कान दिला आणि तिच्या तोंडावर हसू पसरलं.

"ऐका अप्पा," ती मला म्हणाली, "माझ्या लेकाचा पाय. इतकी वरसं झाली, अजून परेडच करून राहिलाय."